कमाटीबागेतले युरोप

बडोद्याला गेलेला मराठी माणूस बहुधा लक्ष्मीविलास राजवाडा पाहून परततो. त्याने अर्धा दिवस आणखी काढून विश्वामित्रीच्या काठी सयाजीबागेत अवश्य जावे. जुने बडोदेकर तिला कमाटीबागच म्हणतात. तिसऱ्या सयाजीराव गायकवाडांच्या कारकिर्दीत, १८७९ साली ही बाग झाली. तिच्यातच १८९४ साली संग्रहालय खुले झाले.

नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचा हा शेतकरी कुटुंबातला मुलगा १८७५ साली दत्तक गेला, तेव्हा बारा वर्षांचा होता. पुढे १९०६ साली त्यांनी संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. चित्रांची खरेदीही याच ध्यासाचा भाग होती. इंग्रज कलासमीक्षक मेरियन स्पीलमन यांच्याकरवी त्यांनी युरोपीय चित्रे निवडून घेतली. चित्रशाळेची इमारत १९१४ साली तयार झाली आणि नेमके महायुद्ध आडवे आले. चित्रे यायला उशीर झाला, दालन उघडले ते १९२१ साली!

आत इजिप्तची ममी आहे, महीच्या मुखाशी वाहून आलेल्या देवमाशाचा प्रचंड सांगाडा आहे. पोराबाळांची गर्दी तिथेच. शेजारी जपान, तिबेटच्या वस्तू आणि १९५१ साली बडोद्याजवळच्या अकोटा येथे सापडलेल्या जैन धातुमूर्ती. एकाच छपराखाली घरचे आणि जगाचे.

आपण गोवेकरांनी इथे थोडे थांबून विचार करावा. युरोपीय चित्रकला आपल्याकडे कित्येक शतके आधी आली. गव्हर्नर जुवांव द कास्त्रो यांनी १५४७ साली सुरू केलेली राज्यकर्त्यांच्या तैलचित्रांची मालिका आजही जुने गोवेच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. पण ती चित्रे होती सत्तेचे चेहरे. रयतेने ती मान खाली घालूनच पाहायची. बडोद्यात तीच युरोपीय कला एका मराठी राजाने पैसे मोजून आणली आणि बागेत फिरायला येणाऱ्या सामान्य माणसापुढे मांडली. हिंदुस्थानातल्या वस्तू लंडनच्या संग्रहालयांत जात होत्या त्या काळात ही उलटी वाहतूक झाली.

संस्थानी पैसा तोही रयतेचाच, हे खरे. पण ती चित्रे राजवाड्याच्या भिंतींवरही लागू शकली असती. ती बागेत लावली, यातच या राजाचे मोठेपण आहे.