धारासेवची लढाई आणि दिलावरखान हबशी

फारसी तवारिखांत 'धारासेव' म्हणून येणारे स्थळ म्हणजे आजचे धाराशिव. 1590-91 च्या मोहिमेत येथे विजापूरचा कारभारी दिलावरखान हबशी आणि अहमदनगरचा कारभारी जमालखान महदवी यांची लढाई झाली. तीत पराभूत झालेला दिलावरखान पुढे निजामशाहीत गेला. त्यामुळे शत्रूस मिळालेला स्वामिद्रोही अशी त्याची नोंद केली जाते. ती तपासून पाहणे अवश्य आहे.

दुसरा इब्राहिम आदिलशहा अल्पवयीन असता इखलासखान, हमीदखान व दिलावरखान या तिघा हबशी सरदारांनी सत्ता हाती घेतली. लवकरच दिलावरने इखलासखानाचे डोळे काढविले व 1582 च्या सुमारापासून एकट्याने कारभार चालविला. तो साधुपुरुष होता असे कोणी म्हणणार नाही.

अहमदनगरास त्या वेळी जमालखानाने इस्माईल या बालकास गादीवर बसविले होते. इस्माईलचा पिता बुऱ्हाण अकबराच्या आश्रयास होता. पित्याचा हक्क डावलून पुत्रास राज्य मिळाले, हे निमित्त करून विजापूर व खानदेश बुऱ्हाणाच्या साह्यास उभे राहिले. म्हणजे धारासेवास दिलावर लढला तो निजामशाही घराण्याशी नव्हे, तर बुऱ्हाणासाठी जमालखानाशी. ऐन युद्धात ऐन-उल्-मुल्क आदी विजापुरी सरदारांनी त्याची साथ सोडली. सुमारे 300 हत्ती जमालखानाच्या हाती लागले. तथापि 1591 मध्ये रोहणखेडला जमालखान मारला गेला व बुऱ्हाण तख्तावर आला.

दरम्यान इब्राहिमाने छावणीतच दिलावरचे जोखड झुगारून दिले. या वेळी तरुण सुलतानाच्या बाजूस ऐन-उल्-मुल्क होता, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. दिलावर प्रथम बीदरला व तेथून अहमदनगरला गेला. ज्याच्यासाठी तो लढला होता त्याच्याच दारी तो गेला. यास पक्षांतर म्हणणे कठीण. खरा द्रोह त्यानंतरचा. त्याच्या चिथावणीने बुऱ्हाणाने विजापूरवर स्वारी केली आणि भीमातीरी मंगळवेढ्याच्या बाजूस किल्ला उभारला. तेव्हा इब्राहिमाने अभय देऊन दिलावरला परत बोलाविले. तो आला, त्याचे डोळे काढण्यात आले आणि साताऱ्याच्या किल्ल्यात त्याचा अंत झाला. इतरांच्या शब्दाची किंमत पुरती जाणणारा हा मनुष्य या अभयावर विसंबला, त्या अर्थी विजापुरातील आपले स्थान गेले असे त्यास कधी वाटलेच नसावे.

हा वृत्तांत मुख्यतः फरिश्त्याचा आहे. 1589 मध्ये विजापुरास आलेल्या फरिश्त्यास दरबारात प्रवेश मिळाला तो दिलावरच्याच हस्ते. जमालखानाशी झालेल्या या युद्धात तो स्वतः जखमी होऊन कैद झाला व पुढे निसटला. मात्र ग्रंथ लिहिला तो इब्राहिमाच्या आज्ञेवरून. दिलावरने सुलतानाची आज्ञा मोडून धारासेवास युद्ध ओढवून घेतले, हे त्याचे विधान वाचताना तो कोणाच्या पदरी बसून लिहीत होता, हे ध्यानी ठेवावे लागते. सरदारांनी रणातच साथ सोडल्याचे मात्र तोच नमूद करतो. धन्यास त्यातून काही लाभ नसता केलेली ही नोंद अधिक विश्वसनीय मानावी.