न मोजलेल्या आयनांचा हिशेब

अ‍ॅनायन गॅपचं गणित एका ओळीचं आहे. रक्तातल्या सोडियममधून क्लोराइड आणि बायकार्बोनेट वजा करायचं: १४० वजा १०४ वजा २४, उरले १२. पण ही वजाबाकी सुचण्याआधी एकक बदलावं लागलं. पूर्वी क्षार मिलिग्रॅममध्ये मोजत. निरोगी माणसाच्या १०० मिलिलिटर रक्तद्रवात सोडियम साधारण ३२२ मिलिग्रॅम आणि क्लोराइड ३६९, म्हणजे वजनात क्लोराइडच वरचढ. तेच विद्युतभाराप्रमाणे, लिटरमागे मिलिइक्विव्हॅलंटमध्ये मांडलं की सोडियम १४० आणि क्लोराइड १०४!

हा हिशेब डोळ्यांना दिसेल असा मांडला जेम्स गॅम्बल या अमेरिकन बालरोगतज्ज्ञाने. अपस्माराच्या मुलांना त्या काळी उपचार म्हणून उपाशी ठेवत. त्या उपासात शरीरातल्या क्षारांचं काय होतं, याचा त्यांचा अभ्यास १९२३ साली प्रसिद्ध झाला. पुढे हार्वर्डमध्ये ते दोन समान उंचीचे खांब काढून शिकवत, एकात धनभारित आयन, दुसऱ्यात ऋणभारित. खांब समानच असणार, कारण रक्तात दोन्ही भार सारखेच असतात. ऋण खांबात क्लोराइड आणि बायकार्बोनेटखेरीज प्रथिनं, फॉस्फेट, सल्फेट आणि सेंद्रिय आम्लंही असत. गॅप म्हणजे मुख्यतः हीच मंडळी. रक्तात पोकळी कुठेच नाही, ती आपल्या मोजणीत आहे.

१९४० च्या दशकात फ्लेम फोटोमीटर आला आणि सोडियम मोजणं सोपं झालं. पुढे स्वयंचलित यंत्रांमुळे इलेक्ट्रोलाइट्स रोजची तपासणी बनली. १९७७ मध्ये एमेट आणि नॅरिन्स यांच्या लेखाने ही वजाबाकी वॉर्डावॉर्डांत पोचवली. तिची ताकद मोठी आहे. दोन रुग्णांचं बायकार्बोनेट १० वर आलंय असं समजा. जुलाबाच्या रुग्णाचं सोडियम १३८, क्लोराइड ११६, गॅप १२: बायकार्बोनेट गेलं, त्या जागी क्लोराइड आलं. मधुमेही रुग्णाचं सोडियम १४०, क्लोराइड १००, गॅप ३०: इथे कीटोन आम्लं साचलीत. नव्या चाचणीचा एक रुपयाही खर्च नाही.

आयन-सिलेक्टिव्ह इलेक्ट्रोड आल्यावर क्लोराइडचे आकडे वर सरकले आणि अनेक प्रयोगशाळांत १२ ऐवजी ६-७ च्या आसपासचा गॅप नेहमीचा ठरला. म्हणून आपल्या लॅबची मर्यादा विचारूनच निष्कर्ष काढावा. अल्ब्युमिनही पाहावंच. ते १०० मिलिलिटरमागे ४ ग्रॅमच्या खाली गेलं की दर ग्रॅममागे गॅप सुमारे २.५ ने घटतो. अल्ब्युमिन २ असलेल्या अशक्त रुग्णाचा १२ हा गॅप प्रत्यक्षात १७ धरावा लागतो.