ज्याचे गाऱ्हाणे, त्याचे पत्र

लोकशाही म्हटली की आपल्याला मतपेटी आठवते. पण मत देण्याआधी माणसाला आपले गाऱ्हाणे चारचौघांत मांडता आले पाहिजे, आणि ते कुणी तरी ऐकले पाहिजे. जुन्या मराठी वृत्तपत्रांची कहाणी वाचताना मला वाटते, आपल्याकडे लोकशाहीची धुळाक्षरे आधी छापखान्यातच गिरवली गेली.

बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत 'दर्पण' सुरू केले. एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी. राज्यकर्ता आणि रयत एकाच कागदावर शेजारी आले. परंतु त्या आरशात दिसणारे चेहरे मूठभर शिकलेल्यांचेच होते.

१८७७ साली कृष्णराव भालेकरांनी पुण्यात 'दीनबंधू' काढले. १८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईत आणले, आणि गिरणीतला मजूर अक्षरांत उतरला. भल्या पहाटेपासून दिवे लागेपर्यंत राबणाऱ्या त्या माणसांना आठवड्याची एक सुटीही नव्हती. लोखंड्यांनी १८८४ मध्ये परळला सभा घेतली, हजारो मजुरांच्या सह्यांचा अर्ज केला आणि लेखणी चालूच ठेवली. अखेर १८९० मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. पुढे याच 'दीनबंधू'चे संपादन, पतीच्या निधनानंतर, तानूबाई बिर्जे यांनी सांभाळले. त्या काळी बाईने संपादकाच्या खुर्चीत बसावे, ही लहान गोष्ट नव्हे!

तरीही सर्वांत मोठी मुकी वस्ती गावकुसाबाहेरच होती. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. आंबेडकरांनी 'मूकनायक' काढले. छत्रपती शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपये दिले. आंबेडकर तेव्हा सरकारी महाविद्यालयात प्राध्यापक, म्हणून संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकर यांचे. या पत्राची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नाही. परक्या सत्तेपुढे ज्या पत्राने मान तुकवली नाही, ज्याच्या लेखांपायी टिळकांनी १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा पत्करली, त्याच पत्राच्या घरचा हा उंबरठा! 'केसरी'ची थोरवी याने पुसली जात नाही. मात्र एक गोष्ट ध्यानी येते : सिंहाच्या गर्जनेतसुद्धा सगळ्यांचे बोलणे मावत नाही.

आता कायद्याकडे पाहा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये संमत केला. महाडच्या नगरपालिकेनेही त्याला मान दिला. कागद तयार झाला; तळ्याचे पाणी मात्र दूरच राहिले. २० मार्च १९२७ रोजी आंबेडकरांनी हजारोंसह चवदार तळ्याचे पाणी प्यायले आणि परतणाऱ्यांना मार खावा लागला. पंधरवड्यात, ३ एप्रिलला 'बहिष्कृत भारत' निघाले. त्यामुळे महाडची हकिकत मारणाऱ्यांच्या नव्हे, मार खाणाऱ्यांच्या तोंडून लोकांपुढे आली. १९३७ मध्ये उच्च न्यायालयाचा निकालही त्यांच्याच बाजूने लागला.

वाचकहो, ठराव कायदेमंडळात होतात. ते गावच्या पाणवठ्यापर्यंत पोचले की नाही, हे तहानलेलाच सांगू शकतो. म्हणून वृत्तपत्रे नुसती पुष्कळ असून भागत नाही, ती पुष्कळांची असावी लागतात. यंदा दिवाळीचा अंक हाती घेताना एवढे जरूर पाहावे, की त्यात आपल्या आळीबाहेरचा आवाज किती आहे.