'दृष्टम्': पवनारचा शेरा आणि सर्व्हरचा होकार

वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचे चम्मक ताम्रपट प्रवरपुराहून निघाले. हे प्रवरपूर म्हणजे वर्धा जिल्ह्यातले धाम नदीकाठचे पवनार, असे पुराभिलेखांचे अभ्यासक वा. वि. मिराशी यांनी मांडले. मनसरकडे बोट दाखवणारे अभ्यासकही आहेत. तो वाद इथे मिटवायचा नाही, त्या राजकचेरीची रीत तेवढी पाहायची आहे. राज्यवर्ष १८, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, एक हजार ब्राह्मणांना राजमानाने ८,००० 'भूमी' (जमिनीचे तेव्हाचे माप), आणि मजकुराच्या आरंभी एक शब्द: 'दृष्टम्'. हा लेख वाचणाऱ्या फ्लीटने त्याचा अर्थ 'दृष्टी लाभली' असा लावला होता. पुढच्या अभ्यासकांनी तो 'पाहिले' असा कचेरीचा शेरा मानला आणि तेच पटते, कारण वाशीम ताम्रपटापासून वाकाटकांच्या दानपत्रांत हा शब्द ठरावीक जागी येतो. मसुदा आधी नाशवंत वस्तूवर होत असेलही. पण दान घेणाऱ्याच्या हाती पडे तो शेऱ्यासकट कोरलेला पत्रा. होकार आणि नोंद या दोन वेगळ्या वस्तू उरतच नसत.

असे नसेल तर काय होते, हे शेजारच्या छत्तीसगडमधल्या कुरुद ताम्रपटातून कळते. तिथले दान आधी ताडपत्रावर दिले होते. घराला आग लागली आणि ताडपत्र जळाले. गावाचा उपभोग अखंड चालू असल्याची खात्री पटल्यावर नरेंद्र राजाने मूळ दानधारकाच्या मुलाला तेच गाव पुन्हा, आता तांब्यावर, लिहून दिले. जळालेले दान सावरले ते गावाच्या वहिवाटीमुळे. साठवण-सर्व्हरवरच्या माहितीला अशी वहिवाट नसते.

सर्व्हरवर 'सिंक्रोनस राइट' म्हणजे नेमकी ही जुनी रीत: माहिती वीज गेली तरी टिकेल अशा जागी पोचल्यावरच 'लिहिले' म्हणायचे. एनएफएस या, नेटवर्कवरून फायली वापरू देणाऱ्या पद्धतीच्या दुसऱ्या आवृत्तीत सर्व्हरवर हे बंधनच होते. काम मंदावे, म्हणून १९९५ च्या तिसऱ्या आवृत्तीत सवलत आली; पण 'कमिट' मान्य होईपर्यंत मागणाऱ्या यंत्राने आपली प्रत जपायची, या अटीवर. तांबे हाती येईपर्यंत ताडपत्र फेकू नका, इतकी ती साधी अट आहे. झेडएफएस या फाइल-प्रणालीत सिंक (सिंक्रोनस राइट) बंद करणारा ही अट मोडतो, आणि तेही समोरच्याला न सांगता. माहिती रॅममध्ये असतानाच होकार जातो. डिस्कवर ती साधारण पाच सेकंदांच्या गठ्ठ्यांनी उतरते.

यावर पहिला आक्षेप असा, की झेडएफएसची स्वतःची रचना तरीही बिघडत नाही. हे खरेच आहे. पण जपायची आहे ती कपाटाची चौकट की आतली कागदपत्रे? सर्व्हर एकटाच बंद पडून पुन्हा उठला आणि त्यावर डिस्क ठेवून चालणारी आभासी यंत्रे जागीच राहिली, तर त्यांच्या समजुतीत लिहिलेले आणि डिस्कवरचे जुळत नाही. डेटाबेसने 'पैसे जमा' असे कळवून टाकलेले असते, नोंद मात्र नसते. दुसरा आक्षेप यूपीएसचा. विदर्भातल्या उन्हाळ्यात यूपीएस हवाच, त्याबद्दल दुमत नाही. पण ऑपरेटिंग सिस्टिमचा कर्नल कोसळला, सर्व्हरचा वीजपुरवठा करणारा भाग जळाला किंवा कुणी चुकून रीसेट दाबले, तर बॅटरी भरलेली असूनही रॅम रिकामी होते. तिसरा आक्षेप वेगाचा, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. फिरत्या डिस्कवर प्रत्येक होकारासाठी थांबणे जाचकच होते. त्यावर उपाय आहे: वीज गेली तरी हातातले लिखाण पुरे करणारी, स्वतःची वीज राखणारी वेगळी एसएसडी सिंक लिखाणाच्या नोंदवहीसाठी जोडावी. पुन्हा तयार करता येतील अशा तात्पुरत्या फायलींपुरते सिंक बंद ठेवले तरी बिघडत नाही.

आधी होकार आणि मग नोंद, हा मोह लिनक्सलाही पडला होता: तिथल्या एनएफएस सर्व्हरच्या एनएफएस-युटिल्स या साधनांच्या १.०.० आवृत्तीपर्यंत, तीही धरून, आपोआप मिळणारी मांडणी 'असिंक' होती. त्यानंतरच्या सगळ्या आवृत्त्यांत ती 'सिंक' आहे.