महार वतनाची जमीन: सातबाऱ्यावर नाव असूनही परस्पर का विकता येत नाही?

सातबारा उताऱ्यावर 'महार वतन' किंवा 'इनाम वर्ग 6 ब' असा शेरा दिसला, की अनेक कुटुंबांना पहिला प्रश्न पडतो, ही जमीन नेमकी कुणाची? शहरांलगतच्या जमिनींचे भाव वाढल्यापासून हा प्रश्न आणखी महत्त्वाचा झाला आहे.

वतन म्हणजे काय?

गावची ठरलेली कामं पिढ्यान्‌पिढ्या करण्याच्या बदल्यात मिळालेला हक्क म्हणजे वतन. महार समाजाकडे गावची राखण, सरकारी निरोप पोहोचवणं, शेताच्या हद्दीची माहिती देणं अशी कामं होती. त्याबदल्यात थोडी जमीन आणि बलुतं मिळे.

ब्रिटिश काळात 1874 च्या मुंबई वंशपरंपरागत हुद्दे कायद्यानं ही व्यवस्था कागदावर बांधली गेली. 1886 च्या दुरुस्तीनं वतनाच्या वारसाहक्कात विधवेचा अपवाद वगळता स्त्रियांना पुरुष वारसांच्या मागे ठेवलं.

आंबेडकरांचा विरोध का होता?

जमिनीचा तुकडा लहान, पण कामाला वेळेचं बंधन नाही. वतनदार हजर नसेल तर घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी जावं लागे. वतनामुळे समाज गावाच्या दावणीला बांधला जातो, अशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची भूमिका होती. 1874 च्या कायद्यात बदल करण्यासाठी त्यांनी 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडलं.

वतन गेलं, मग जमिनीचं काय झालं?

1958 च्या मुंबई कनिष्ठ गाव वतन निर्मूलन कायद्यानं ही वतनं आणि त्यासोबतची चाकरी रद्द केली. जमीन सरकारजमा झाली आणि ठरावीक रक्कम भरून घेऊन मूळ वतनदारांना परत देण्याची तरतूद झाली. याला 'रिग्रँट' म्हणतात.

मात्र ही जमीन नवीन शर्तीनं, म्हणजे भोगवटादार वर्ग 2 म्हणून मिळाली. कलम 5 नुसार जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घेतल्याशिवाय आणि सरकारनं ठरवलेली रक्कम भरल्याशिवाय ती विकता येत नाही. सरस-निरस वाटप करून तुकडे पाडायलाही परवानगी लागते.

वारसांचा हक्क कसा ठरतो?

विक्रीवर बंधन आहे, वारसाहक्कावर नाही. खातेदाराच्या मृत्यूनंतर वारसांची नावं फेरफारानं लागतात. हिंदू उत्तराधिकार कायदा बौद्धांनाही लागू होतो, त्यामुळे मुलीही वारस असतात.

खरी गुंतागुंत जुन्या नोंदींत असते. वतन भावकीचं, काम पाळीपाळीनं, पण कागदावर मोजक्यांचीच नावं, असं अनेक ठिकाणी झालं. पुढे वारसनोंदी वेळेवर झाल्या नाहीत, तर काही शाखांची नावं उताऱ्यावर येतच नाहीत. अशा वेळी नाव असलेल्या एखाद्यानं मुखत्यारपत्र किंवा साठेखत करून दिलं, की बाकीच्यांना खूप उशिरा कळतं.

कोणते कागद तपासावेत?

- चालू सातबारा आणि 8 अ
- सातबाऱ्यावर दिलेल्या क्रमांकांचे सगळे जुने फेरफार
- रिग्रँटचा आदेश आणि रक्कम भरल्याची नोंद
- आधी व्यवहार झाला असेल तर जिल्हाधिकाऱ्यांचा परवानगी आदेश

जुने कागद तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून नकलेसाठी अर्ज करून मिळवता येतात. परवानगीशिवाय व्यवहार झाला तर शर्तभंग ठरून जमीन सरकारजमा होण्याचाही धोका असतो. म्हणून कोऱ्या कागदावर किंवा न वाचलेल्या मुखत्यारपत्रावर सही करण्याआधी हे कागद पाहायलाच हवेत.