‘जैसे थे’ कोणाचे? अमेरिकेतील भेदभावाचे खटले आणि तूर्तातूर्त मनाई हुकूम

दाव्याचा अंतिम निकाल लागेपर्यंत प्रतिपक्षाने अमुक एक कृती करू नये, असे बजावणारा न्यायालयाचा आदेश म्हणजे तूर्तातूर्त मनाई हुकूम. दाव्यात प्रथमदर्शनी तथ्य आहे काय, हुकूम नाकारल्यास भरून न येणारे नुकसान होईल काय आणि गैरसोयीचे पारडे कोणाकडे झुकते, या महाराष्ट्रातील दिवाणी न्यायालयांतही नित्याच्या असलेल्या कसोट्या इंग्लंडच्या चॅन्सरी न्यायालयातील समन्यायाच्या, म्हणजे रूढ कायदा अपुरा पडेल तेथे न्यायबुद्धीने उपाय देण्याच्या, परंपरेतून आल्या असून अमेरिकेनेही त्या तेथूनच घेतल्या. या हुकुमाचा हेतू ‘जैसे थे’ स्थिती राखणे हा मानला जात असल्याने, ज्या समाजात ती स्थितीच विषम होती तेथे मनाई हुकूम दीर्घकाळ विषमतेच्याच कामी आला.

घरांच्या बाबतीत हे स्पष्ट दिसते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेक अमेरिकी शहरांतील घरमालक आपली मालमत्ता कृष्णवर्णीयांना न विकण्याचे करार आपसात करीत आणि करार मोडला गेल्यास खरेदीदाराला ताबा घेण्यापासून रोखण्यासाठी न्यायालयात जात. सेंट लुईस येथील अशाच, 1911 सालच्या करारावरून उद्भवलेल्या ‘शेली विरुद्ध क्रेमर’ खटल्यात 1948 साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, खाजगी करार स्वतःहून राज्यघटनेचा भंग करीत नसला, तरी न्यायालयाने त्याची अंमलबजावणी करणे ही शासनाची कृती ठरते आणि ती चौदाव्या घटनादुरुस्तीने दिलेल्या समान संरक्षणाच्या हमीविरुद्ध आहे.

रोजगाराच्या क्षेत्रात संप मोडण्यासाठी मनाई हुकूम इतक्या सढळपणे दिले जात की, 1932 साली नॉरिस-लागार्डिया कायद्याने संघीय न्यायालयांच्या या अधिकारावर कडक मर्यादा घातल्या. वॉशिंग्टनमधील एका किराणा कंपनीने कृष्णवर्णीयांना नोकऱ्या द्याव्यात म्हणून ‘न्यू निग्रो अलायन्स’ या संघटनेने तिच्या दुकानासमोर निदर्शने केली, तेव्हा खालच्या न्यायालयांनी संघटनेलाच मनाई केली. परंतु वंशभेदाविरुद्धची ही निदर्शनेही त्या कायद्याच्या अर्थाने कामगार विवादच होत, असे ठरवून सर्वोच्च न्यायालयाने 1938 मध्ये ती मनाई रद्द केली.

1964 चा नागरी हक्क कायदा आणि 1968 चा न्याय्य गृहनिर्माण कायदा यांनी नोकरी व घर यांतील भेदभावच बेकायदा ठरविल्यावर मनाई हुकुमाचे हे हत्यार पीडितांच्या हाती आले. नोकरीतील भेदभावाच्या तक्रारी हाताळणाऱ्या समान रोजगार संधी आयोगाला 1972 च्या दुरुस्तीने दावे लावण्याचा, तसेच प्राथमिक चौकशीनंतर तातडीची गरज दिसल्यास तात्पुरता दिलासा मागण्याचाही अधिकार दिला. तथापि ‘भरून न येणारे नुकसान’ या कसोटीवर दोन क्षेत्रांच्या वाटा वेगळ्या झाल्या. ‘सॅम्पसन विरुद्ध मरे’ या 1974 च्या निकालात, जो मुळात भेदभावाचा नव्हे तर परिवीक्षाधीन सरकारी कर्मचाऱ्याच्या बडतर्फीचा होता, बुडालेला पगार व डागाळलेला लौकिक हे नुकसान सर्वसाधारणपणे भरून न येणारे नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, कारण मागील वेतन पुढे देता येते. याउलट ‘ग्रेशम विरुद्ध विंडरश पार्टनर्स’ या 1984 च्या खटल्यात अकराव्या विभागाच्या अपील न्यायालयाने घर नाकारण्यातील भेदभावामुळे भरून न येणारे नुकसान होते हे गृहीत धरता येते, असे मानले. अशा गृहीतकांवर विसंबणे सर्वोच्च न्यायालयाच्या 2008 मधील ‘विंटर’ निकालानंतर अवघड झाले, कारण नुकसान केवळ शक्य असून भागत नाही, ते संभाव्य असल्याचे दाखविले पाहिजे, असा दंडक त्या निकालाने घातला.

नोकरी आणि घर यांतील हा फरक केवळ तात्त्विक नव्हता, हे गृहनिर्माण कायद्याच्या 1988 च्या दुरुस्तीवरून दिसते. तिने तक्रार प्रलंबित असतानाही तात्पुरता दिलासा मिळविण्याची तरतूद केली, पण त्याचबरोबर न्यायालयाच्या आदेशापूर्वी प्रकरणाची माहिती नसताना सद्भावनेने घर विकत वा भाड्याने घेणाऱ्याच्या हक्काला संरक्षणही दिले. परिणामी हुकूम वेळेवर न मिळाल्यास दावा जिंकणाऱ्याला नुकसानभरपाई मिळू शकते, मात्र ते घर मिळेलच असे नाही. निकालापर्यंत जागा कोणाच्या ताब्यात राहते यावरच विजयाचे मोल ठरत असल्याने, भेदभावाच्या खटल्यांत नावापुरता तात्पुरता असलेला हा आदेश अनेकदा अंतिम निकालाइतकाच निर्णायक ठरला आहे.