क्लेमॅटिस : शेंडा उन्हात, मुळं सावलीत म्हणजे नेमकं काय?

एप्रिल-मे महिन्यांत ब्रिटनमधल्या गार्डन सेंटरमध्ये गेलं, की बशीएवढ्या जांभळ्या फुलांची एक वेल हमखास दिसते. तिचं नाव क्लेमॅटिस. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी घरांच्या अंगणातही ती हौसेने आणली जाते. पहिल्या वर्षी ती फुलते, दुसऱ्या उन्हाळ्यात अचानक माना टाकते आणि "आपल्या हाताला लाभत नाही" म्हणून उपटली जाते. बऱ्याचदा ती मेलेली नसतेच.

क्लेमॅटिसच्या जगभरात सुमारे ३०० जाती आहेत. आपली कलौंजी ज्या कुळातली, त्याच कुळातली ही वेल. पांढऱ्या-गुलाबी फुलांनी अख्खी भिंत झाकणारी मोंटाना ही जात मूळची हिमालयातली. गव्हर्नर जनरल लॉर्ड ॲमहर्स्ट यांच्या पत्नीने ती ब्रिटनमध्ये नेली, असं बागकामाच्या पुस्तकांत नोंदवलेलं असतं. घरोघरी दिसणारी गडद जांभळी जॅकमनी मात्र संकरातून आली. इंग्लंडमधल्या सरे परगण्यात, वोकिंगच्या जॅकमन यांच्या रोपवाटिकेत १८६०च्या आसपास ती तयार झाली.

या वेलीबद्दल एकच सल्ला सगळीकडे ऐकू येतो : शेंडा उन्हात, मुळं सावलीत. सल्ला बरोबर आहे, पण अर्धा. मुळांना खरी गरज असते ती गारव्याची आणि ओलाव्याची. सावली हा तिथे पोचायचा एक मार्ग. माती कोरडी असेल, तर कितीही सावली करा, वेल वाळणारच. भिंतीच्या अगदी कडेला लावलेल्या वेलीचं हेच होतं. पाऊस पडला तरी भिंतीच्या आडोशामुळे पायथ्याची माती कोरडीच राहते. म्हणून खड्डा भिंतीपासून ३० ते ४५ सेंटिमीटर अंतरावर घ्यायचा आणि वेल काठीच्या आधाराने भिंतीकडे वळवायची.

जुने माळी वेलीच्या बुंध्याशी सपाट दगड किंवा कौल ठेवत. उपाय चालतो, फक्त त्याच दगडाखाली गोगलगायी मुक्कामाला येतात आणि कोवळे कोंब फस्त करतात. त्यापेक्षा पायथ्याशी बुटकी बहुवर्षायू झाडं लावलेली बरी.

पण कोणती? गोंधळ इथेच होतो. "मुळांना सावली हवी" हे वाचून लोक सावलीत वाढणारी झाडं आणतात : रुंद पानांचा होस्टा, अस्टिल्बी, नेचे. आता उत्तर गोलार्धात ऊन दक्षिणेकडून येतं. वाफा दक्षिणाभिमुख भिंतीपुढे असेल, तर वेलीला सावली देणारं झाड स्वतः दिवसभर उन्हात उभं राहतं. तिथे होस्टाची पानं कडेने करपतात, नेचे तर महिनाभरात तपकिरी होतात. अशा जागी हार्डी जिरेनियम किंवा कॅटमिंटसारखी ऊन सोसणारी झाडं हवीत.

होस्टा, ब्रुनेरा, ह्यूकेरा, हेलेबोर ही मंडळी शोभतात ती पूर्वेकडच्या वाफ्यात, जिथे सकाळचं ऊन येतं आणि दुपारी सावली असते. तिथे क्लेमॅटिसही सुखात राहते. नेली मोझर या फिक्या गुलाबी जातीला तर अशीच जागा मानवते, कारण कडक उन्हात तिच्या फुलांचा रंग उडतो. आयव्ही किंवा व्हिंकासारखी पसरट झाडं मात्र पायथ्याशी नकोत. ती पाण्यात वाटेकरी होतात.

लावताना आणखी एक गोष्ट. मोठ्या फुलांच्या जातींचा मुळांचा गड्डा मातीच्या पातळीपेक्षा ५ ते ८ सेंटिमीटर खोल जायला हवा. खोडाचे काही डोळे जमिनीखाली राहिले, तर वरचा भाग गेला तरी खालून नवे कोंब फुटतात. सदाहरित जाती मात्र पातळीवरच लावतात.

वेल अचानक कोमेजण्याचं एक कारण बुरशीजन्य मर रोग. तो मुख्यतः मोठ्या फुलांच्या संकरित जातींना होतो; छोट्या फुलांच्या विटिसेला जाती सहसा वाचतात. कोमेजलेल्या फांद्या निरोगी भागापर्यंत, गरज पडल्यास थेट जमिनीपर्यंत छाटायच्या, पाणी चालू ठेवायचं आणि वाट बघायची. कधी नवा कोंब पुढच्या वसंतातच येतो. तोवर कुदळ लांब ठेवायची.

छाटणीवरून भांडणं होतात, पण मुद्दा सोपा आहे. वेल फुलते कधी, तेवढं पाहायचं. मोंटानासारख्या वसंतात फुलणाऱ्या जातींची छाटणी फुलं सरल्यावर करतात. हिवाळ्यात कात्री लावली, तर त्या वर्षीचा बहर कापला जातो. मे-जूनमध्ये मोठी फुलं देणाऱ्या नेली मोझरसारख्या जाती फेब्रुवारीत हलक्या हाताने छाटतात. जॅकमनी आणि विटिसेला उशिरा फुलतात, म्हणून त्या फेब्रुवारी-मार्चमध्ये जोमदार डोळ्यांच्या वर, जमिनीपासून जेमतेम ३० सेंटिमीटरवर कापतात. पहिल्यांदा हे करताना जीव खाली-वर होतो, पण वेल काही महिन्यांत पुन्हा डोक्यावर जाते. रस त्वचेला झोंबतो, त्यामुळे हातमोजे घालावेत. वेल आणि होस्टा दोन्ही कुत्र्याच्या पोटात गेलेले चांगले नाहीत.

अमेरिकेच्या पूर्व भागात राहणाऱ्यांनी खरेदी करताना नाव नीट वाचावं. शरद ऋतूत फुलणारी, सुगंधी पांढऱ्या फुलांची टर्निफ्लोरा ही आशियाई जात तिथे रानात पसरून उपद्रवी ठरली आहे. तिच्याऐवजी तिथलीच व्हर्जिनियाना लावता येते.

मोठ्या फुलांच्या या संकरित वेलींना हिवाळ्याची थंडी लागते, त्यामुळे मुंबई-पुण्यात त्यांच्यावर पैसे घालवण्यात अर्थ नाही. पण सह्याद्रीत क्लेमॅटिस आहे. रानजाई, मोरवेल या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या वेली याच प्रजातीतल्या. पावसाळा सरत आला, की घाटातल्या झुडपांवर त्यांची पांढरी फुलं दिसू लागतात आणि नंतर पिसांसारख्या शेपट्या असलेल्या बियांचे पुंजके वाऱ्यावर हलत राहतात.